बांड्याचं कलम

अश्विनीकडं आयुष्यात पहिल्यांदा कोणी इतकं टक लावून पाहिलं, तेव्हा पाहणारा मुळी तिच्याकडं पाहतच नव्हता. तो पाहत होता तिच्या वेणीतल्या गुलाबाकडं.

मलकापूरहून मोताळ्याला येणारी एसटी होती. बाहेर श्रावणातली भुरभुर चालली होती, खिडकीची काच अर्ध्यात अडकली होती आणि अश्विनी ओढणीनं एक खांदा झाकून बसली होती. मागच्या सीटवरून कोणीतरी पुढं वाकतंय, हे तिला कधीचंच कळलं होतं. अशा वेळी काय करायचं हे मोताळ्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. शिवाय ती शाळेत विज्ञान शिकवायची, मागच्या बाकावरच्यांना वठणीवर आणायची तिला सवय होती. ती गर्रकन वळली.

"काय पाहून राह्यले हो?"

मागं एक तरुण होता. मांडीवर कुंडी, कुंडीत कसलंसं रोप, शर्टाच्या बाह्यांना माती. तो असा दचकला की कुंडी पडता पडता वाचली.

"फूल," तो म्हणाला. "ते... रंगवलेलं हाय का?"

"नाही. धुतलेलं हाय."

"म्हणजे पट्टे खरे हायेत?"

"हात लावून पाहा म्हटलं असतं... पण मंग कंडक्टरले हाक मारा लागली असती."

तो हसला. हसला तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर, तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग मात्र नजर खाली न्यायला जरा उशीरच केला. फूल होतंच तसं. फिकट गुलाबी पाकळ्या आणि त्यांवर गडद लाल पट्टे. कुठं जाड, कुठं नुसते ओरखडे, एका पाकळीसारखी दुसरी नाही. आणि वास असा, की एसटीतला डिझेलचा वाससुद्धा मागं सरला होता. त्यानं सांगितलं की त्याची मलकापूरला हायवेवर नर्सरी आहे, इतके गुलाब विकले पण असला पाहिला नाही, आणि हे झाड आहे तरी कुठं? अश्विनीनं सांगितलं की झाड घरी आहे आणि घरी बाबा आहेत, जे विचारायचं ते त्यांना विचारा. मोताळ्याला ती उतरली. तिच्यामागं तोही उतरला. तेव्हा त्याच्या ओळखीचा कंडक्टर ओरडला की अहो राजकुमार, तुमचं तिकीट तर बुलढाण्याचं आहे! अख्ख्या गाडीला ऐकू गेलं. अश्विनीनं मागं वळून पाहिलं नाही, पण घरापर्यंत तिचं हसू काही मावळलं नाही. राजकुमार. नाव तरी काय असावं माणसाचं.

आता त्या झाडाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. अश्विनीच्या अंगणात विहिरीजवळ तो गुलाब होता आणि घरात त्याचं नाव होतं बांड्या. हे काही गुलाबाचं नाव नव्हे, हे बैलाचं नाव. अंगावर दोन रंग असले की आमच्याकडं बैल बांडा होतो. तिच्या पणजोबांनी गुलाबाला तोच न्याय लावला. झाड जुनं, कोणी आणलं कोणालाच ठाऊक नाही. पण रीत मात्र पक्की होती. बांड्याचं कलम घराबाहेर जायचं ते फक्त लेकीबरोबर. भांडी, कपडे, आणि एका डब्यात मातीसकट बांड्याची काडी, अशी लेक सासरी निघायची. दुसऱ्या कोणाला कलम द्यायचं नाही, मग तो शेजारी असो की तहसीलदार. त्यामुळं त्या घरात कोणी 'कलम मागायला आलो' म्हटलं, की त्याचा अर्थ एकच व्हायचा.

राजकुमारला हे कसं ठाऊक असणार? तो पत्ता विचारत आला बाजाराच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. ओसरीवर अश्विनीचे वडील रामराव बसले होते. त्यानं वाकून नमस्कार केला आणि अदबीनं म्हणाला, "काका, तुमच्या घरचं कलम मागायले आलो."

रामरावांनी त्याला खालून वर न्याहाळलं. पोरगा एकटाच आलेला, बरोबर वडीलधारं माणूस नाही, पण आजकालच्या पोरांचं काय सांगावं. त्यांनी आत पाहून शालूबाईंना, म्हणजे अश्विनीच्या आईला, पोहे टाकायला सांगितले. मग विचारपूस सुरू झाली. गाव कोणतं, शेती किती, भाऊ-बहिणी किती, पाणी कशाचं. राजकुमार भराभरा उत्तरं देत होता. मनात म्हणत होता, काय चौकस माणूस आहे, कलम कुठल्या पाण्यात जाणार याची सुद्धा काळजी! मग रामराव जरा पुढं सरकले.

"अन् मामाचं कूळ कोणतं?"

राजकुमारनं चहाची बशी खाली ठेवली. "काका... गुलाबाच्या कलमाले माह्या मामाचं कूळ कायले पाहिजे?"

आत अश्विनी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दाराशी आली होती. तिला असं हसू फुटलं की ताटल्या वाजायला लागल्या. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. रामरावांची मान लाल झाली. मग शालूबाईंनीच बाहेर येऊन त्याला रीत समजावली आणि ती ऐकताना त्या पोराचा चेहरा असा झाला, की बांड्यावरचा लाल पट्टा त्यापुढं फिका.

"पोरगी न्याची नसंन," रामराव म्हणाले, "तं कलम बी भेटत नाही."

विषय तिथंच संपायचा. पण उठता उठता राजकुमारची नजर अंगणात गेली. तो म्हणाला की काका, कलम राहू द्या, पण हे झाड मला बघू द्या. या झाडाचे पट्टे चाललेत. रामरावांनी मान वळवून झाडाकडं पाहिलं. त्यांना ते माहीत होतं. दरवर्षी साधी गुलाबी फुलं वाढत होती आणि पट्ट्यांची शोधावी लागत होती. आणखी काही वर्षांत बांड्या नावापुरता उरणार होता. म्हणून त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

अश्विनी हसली खरी. पण रात्री वेणी सोडताना तिला कुठंतरी बोचलं. माणूस एवढा इस्त्री करून आला तो गुलाबासाठी. मामाचं कूळ विचारल्यावर एवढा घाबरायला काय झालं होतं त्याला?

मग राजकुमार दर बाजाराला येऊ लागला. पहिल्या दिवशी त्यानं ठणकावून सांगितलं की ज्या रानगुलाबावर हे कलम बांधलं तो खुंट खालून फुटतोय, त्याचे फुटवे काढले की झालं. अश्विनीनं खुरपं घेतलं, बुंध्याची माती उकरली आणि त्याला दाखवलं. खुंटही नाही आणि जोडही नाही, झाड आपल्याच मुळांवर उभं.

"मंग मी हरलो, मॅडम."

"इतक्या लवकर? राजकुमार लोक लढतेत म्हणे."

"घोडा गॅरेजमधे हाय. एसटीनं आलेला राजकुमार लढत नाही, समजुतीनं घेते."

मग दोघांनी डोकं लावलं. अश्विनी म्हणाली, कोणत्या फांदीवर कोणतं फूल येतं ते आधी पाहू. पट्ट्याचं फूल दिसलं की त्या फांदीला धागा बांधायचा. पुढच्या बाजाराला तो लाल धाग्याची रीळ घेऊन आला आणि तिच्यापुढं धरली. तिनं हात मागं घेतला.

"श्रावणात लाल धागा आणला... राखीचा तं नाही ना?"

"नाही नाही," तो इतक्या घाईनं म्हणाला, की स्वतःच गोंधळला. "म्हणजे... झाडाले बांधाचा हाय. तुम्ही मले नका बांधू."

"काऊन? बांधली तं काय होईन?"

त्यानं फांदी वाकवून धरली, तिनं धागा गुंडाळला, गाठ मारताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि दोघांपैकी कोणीच हात काढायची घाई केली नाही. वरून भुरभुर चालूच होती. ओट्यावरून शालूबाईंनी विचारलं की अजून किती वेळ लागतो एक गाठ मारायला.

पोळा होऊन गेला, भाद्रपद सरला, आणि धाग्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. धागे सगळे बारीक, किडकिड्या फांद्यांवर होते. बोटाएवढ्या जाड, तरारलेल्या फांद्यांवर एकही धागा नव्हता. तिथं नुसती साधी गुलाबी फुलं. झाड मुळात साध्या गुलाबाचं, पट्टे हा त्याचा एक लाड. ज्या फांदीनं लाड सोडला ती जोमानं वाढते आणि पट्ट्यांच्या फांद्यांचं पाणी पळवते. हे अश्विनीनं सांगितलं. तर जोरकस फांद्या बुडापासून छाटायच्या, हे राजकुमारनं सांगितलं. शालूबाई ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अव माय... आपण तं दुसरबीडच्या ताईले सगळ्यात जोरकस फांदी देल्ली होती."

लेकीला चांगलं तेच द्यायचं, म्हणून प्रत्येक वेळी बापानं आणि भावानं जाड फांदी निवडलेली. अश्विनीनं तिथल्या तिथं दुसरबीडला दिलेल्या आत्याला फोन लावला आणि सरळ विचारलं. आत्या म्हणाली, "माह्या आंगणात पहिल्यापासून साधाच गुलाब फुलते व. सांगतलं नाही... दादाले वाईट वाटलं असतं." फोन स्पीकरवर होता आणि रामराव शेजारीच बसले होते. बहिणीला सासरी जाऊन तिची लेकरं कॉलेजात गेली, आणि इतकी वर्षं ती माहेरचा गुलाब छान फुलतो म्हणून सांगत होती. दसरा झाल्यावर एका सकाळी रामरावांनी स्वतः कात्री घेतली आणि बिनधाग्याची एकेक फांदी आपल्या हातानं काढली. झाड एवढंसं उरलं. अश्विनीला ते पाहवेना, तेव्हा राजकुमार तिच्याजवळ उभा राहिला. तिला ते फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की ती घाबरली.

कारण आता तिचं तिला कळलं होतं. बाजाराच्या दिवशी ती शाळेतून धावत येत होती. त्याच्या आवडीची ठेचा-भाकर आईच्या आधी तीच करत होती. आणि तो? तो यायचा, आधी बांड्याकडं जायचा, पानं उलटी करून पाहायचा, मातीत बोट घालून पाहायचा, मग हात धुऊन तिच्याकडं. तिच्या शाळेतली मैत्रीण संजीवनी, जी मनात आलेलं ओठावर आणायला एक क्षण लावत नाही, तिनं सांगूनच टाकलं.

"तो बांड्यासाठी येते, बाई. नर्सरीवाला हाय तो. काडीवरचा एक कोंबाचा डोळा हाती लागला का हायवेवर बांड्याच बांड्या. अन् तुमच्या घरची रीत त्याले आता पाठ हाय... पोरगी केली का कलम फुकटात."

अश्विनीनं तिला उडवून लावलं. पण शब्द काही उडाले नाहीत. रात्रंदिवस एकच प्रश्न तिच्या मागं लागला, की हा माणूस गुलाबासाठी येतो की माझ्यासाठी. त्याला विचारून उपयोग नव्हता. दोन्ही उत्तरं त्यानं एकाच हसण्यानं दिली असती. आणि गुलाबासाठी येत असेल, तर तिला तो नको होता. कितीही आवडत असला तरी नको होता.

पौषात बांड्या फुलला. सगळ्या फांद्यांवर, सगळ्या फुलांवर पट्टे. शालूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं. राजकुमार झाडापुढं उकिडवा बसला आणि एकेक फूल वाकवून पाहू लागला. अश्विनी त्याच्याकडं बघत होती. तिनं ठरवलं.

संक्रांत झाल्यावर तिनं वडिलांना सरळ सांगितलं की ती राजकुमारला बांड्याची काडी देणार आहे. या रीतीपायी झाड एकाच जागी अडकलं आणि बुडता बुडता वाचलं, ज्यानं वाचवलं त्याला ते द्यायलाच हवं. रामरावांनी बराच वेळ सुपारी कातरली. शेवटी म्हणाले, तुह्या मनानं कर. तिनं पट्ट्याच्या फांदीची चांगली काडी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मलकापूरची एसटी धरली.

राजकुमार नर्सरीत पिशव्यांत माती भरत होता. तिला पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की ती क्षणभर ठरवलेलं सगळं विसरली. मग तिनं फडकं पुढं केलं.

"घ्या. तुमचं कलम."

त्यानं फडकं उलगडलं. त्याचा विश्वास बसेना. "काकांनी देल्लं?"

"मी देल्लं. आता तुमाले मोताळ्याले चकरा माराची गरज नाही."

तिला वाटलं, तो काडी बाजूला ठेवेल. असं का म्हणता विचारेल. पण डोळे फुगलेली ती ताजी काडी पाहून त्याचं लक्ष काडीवरच अडकलं. तो पुटपुटला, "हे डोळे वाळाच्या आत भरा लागतेत..." आणि चाकू शोधायला आत पळाला. तिला बस म्हणायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. अश्विनी थोडी थांबली. मग रस्त्यावर आली आणि आली ती पहिली गाडी धरली. मोताळ्यापर्यंत तिनं तोंड खिडकीबाहेर ठेवलं, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. फोनही नाही. त्याच्या पुढच्या बाजारालाही नाही. शालूबाईंनी दोन वेळा जास्तीची भाकर टाकली आणि दोन्ही वेळा ती गाईला गेली. संजीवनीला 'मी म्हटलं नव्हतं' म्हणायचा हक्क होता, पण तिनं तो वापरला नाही. डबा उघडून मुकाट्यानं लोणचं पुढं सरकवलं. अश्विनीनं बांड्याला पाणी घातलं, मुलांच्या वह्या तपासल्या, आणि स्वतःला समजावलं की उत्तर मिळालं ते बरंच झालं. बरंच झालं म्हणताना रडू येऊ नये एवढंच तिला जमत नव्हतं.

तिसऱ्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी रामरावांचा फोन वाजला. दुसरबीडची आत्या होती, आणि बोलण्याऐवजी रडतच होती. घाबरून रामरावांनी विचारलं, काय झालं? आत्या म्हणाली, "दादा, माह्या आंगणात बांड्या आला."

मग हळूहळू सगळं कळलं. तो मलकापूरचा पोरगा काडी घेऊन त्याच दिवशी, मिळेल त्या गाड्या बदलत दुसरबीडला पोचला होता. आत्याच्या जुन्या साध्या गुलाबालाच खुंट करून त्याच्या फांद्यांत त्यानं पट्ट्याचे डोळे भरले होते. मग थंडीचा कडाका आला, डोळे धरतात की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तो पुन्हा पुन्हा येऊन पाहून गेला. आत्याला त्यानं शपथ घातली होती की डोळे जगेपर्यंत मोताळ्याला सांगायचं नाही, कारण पुन्हा एकदा खोटी आशा नको. आता सगळे डोळे हिरवे होते, एक तर फुटायलाही लागला होता. अश्विनी भिंतीला टेकून हे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्री नव्हती, दाढी वाढलेली, आणि अंगणात आल्यावर पहिल्यांदाच तो विहिरीकडं वळला नाही. सरळ ओसरीवर, रामरावांपुढं उभा राहिला.

"काका, तुमच्या घरचं कलम लेकीसाठी हाय, तं लेकीच्याच घरी लावलं. माह्या नर्सरीत एक बी डोळा ठेवला नाही." तो एक पाऊल पुढं आला. "आता मले कलम नाही पाहिजे. मी अश्विनीले मागायले आलो. तिची मर्जी असंन तं."

रामराव म्हणाले की मर्जी तिलाच विचार, ती शिकलेली आहे, तिच्या वतीनं बोलायची माझी छाती नाही. आणि शालूबाईंना घेऊन ते आत गेले, म्हणजे दाराच्या मागं गेले.

अश्विनी खांबाशी उभी होती. एवढ्या दिवसांचा राग, रडू आणि आनंद एकदमच वर आला आणि त्यातला नेमका राग आधी बाहेर पडला. "एक फोन नाही करता येत? मी काय समजली असन, याचा विचार केला का?"

"तुम्ही म्हटलं, मोताळ्याले चकरा मारू नका. मले वाटलं... तुमाले मी नको हाय." तो खाली बघत होता. "अन् तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. पहिल्या दिवशी मी गुलाबासाठीच आलो होतो. खोटं कायले बोलू? पण धागा बांधला ना आपण... त्या दिवसापासून मी आधी झाडाकडं जाओ, ते फक्त धडधड थांबवासाठी. तुमच्याकडं सरळ येवाची हिंमत नव्हती."

अश्विनीला वाटत होतं, काहीतरी टोमणा मारावा. पण तिनं साधंच सांगितलं.

"मले तुम्ही पाहिजे. गुलाब नसता, तरी पाहिजे होते."

दाराच्या मागं शालूबाईंनी नाक पुसलं. रामराव म्हणाले की आता पोहे तरी टाक, आणि मामाचं कूळ मी यावेळी विचारत नाही. चहा झाला, तारखांची बोलणी झाली, दुसरबीडला फोन झाला. ऊन उतरायला लागलं तशी अश्विनी त्याला एसटीपर्यंत सोडायला निघाली. बाजार उठत होता, भाजीवाल्या पाट्या आवरत होत्या आणि निम्मा मोताळा त्या रस्त्यावर होता. गाडी लागलेलीच होती. पायरीवर पाय ठेवून तो मागं वळला. पट्टे परत आले होते, आत्याच्या अंगणात भरलेले डोळे जगले होते. बांड्याचं आता काहीच काम उरलं नव्हतं.

"पुढच्या बाजाराले काय काम काढून येऊ?" त्यानं विचारलं.

अश्विनीनं सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला. आजवर तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"बाजाराची वाट नको पाहू," ती म्हणाली. "उद्याच ये तू. काही काम नसताना ये."